फुलं कातरणारी देवी: कू शूलान यांची कागदी चित्रं समजून घेताना

चीनच्या शान्शी प्रांतात श्युनयी नावाचा दऱ्याखोऱ्यांचा मुलूख आहे. तिथल्या एका खेड्यात, मातीच्या कड्यात कोरलेल्या घरात कू शूलान (1920–2004) यांचा संसार झाला. चूल, सरपण, शेतातली कामं, शिवणटिपण आणि लेकरं. या सगळ्यातून उरलेल्या वेळात हातात कात्री. 1996 मध्ये युनेस्कोनं त्यांना चीनमधल्या श्रेष्ठ लोककलावंत म्हणून गौरवलं. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या चिनी कलावंत म्हणून ओळखल्या जातात. चिनी रीतीनं आडनाव आधी येतं, म्हणजे कू हे आडनाव. पुढे मी त्यांना शूलानबाई म्हणणार आहे.

त्यांची चित्रं पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या तोंडून बहुतेक वेळा एकच शब्द निघतो: निरागस. रंग भडक, चेहरे वाटोळे, डोळे टपोरे, सगळीकडे ठिपके आणि फुलं. लहान मुलानं आनंदात काहीतरी चिकटवलंय, असं वाटून माणूस पुढे सरकतो. मला हा शब्द त्यांच्यावर अन्याय करणारा वाटतो. या चित्रांमागे शेकडो वर्षांची एक कडक शिस्त आहे. ती शिस्त या बाईंनी कुठे पाळली, कुठे ओलांडली आणि ओलांडायचं धाडस त्यांना कुठून आलं, हे कळल्याशिवाय चित्र नुसतं दिसतं, उलगडत नाही.

सुरुवात त्या मातीपासून करायला हवी. उत्तर चीनमधला हा पठारी प्रदेश वाऱ्यानं लाखो वर्षं आणून टाकलेल्या बारीक पिवळ्या मातीचा आहे. काही ठिकाणी या मातीचा थर शंभर मीटरहून जाड आहे. ही माती उभी कापली तरी ढासळत नाही, त्यामुळे लोकांनी कड्यांमध्ये आडवी घरं कोरली. त्यांना याओतोंग म्हणतात. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, आणि लाकूडफाट्याचा खर्च कमी. आत विटामातीचा एक रुंद ओटा असतो, त्याला कांग म्हणतात. चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरवलेला असतो, म्हणून तो गरम राहतो. हिवाळ्यात जेवण, झोप, शिवण, पोरांचा खेळ, सगळं त्या ओट्यावर.

अशा घराला तीन बाजू मातीच्याच. उजेड येतो तो फक्त दर्शनी बाजूनं, दारातून आणि लाकडी जाळीच्या खिडकीतून. काच नव्हती तेव्हा त्या जाळीवर पांढरा कागद चिकटवलेला असायचा. वर्षभर धूर खाऊन तो पिवळा पडला की चांद्र नववर्षाच्या आधी खरवडून काढायचा आणि नवा लावायचा. त्या नव्या कोऱ्या कागदाच्या चौकटीचौकटीत लाल कागदाची कातरलेली चित्रं लावायची. यांना खिडकीची फुलं म्हणतात, मग त्यात फूल असो, कोंबडा असो की वाघ. दिवसा उन्हाचा उजेड त्यांच्यातून आत येतो. रात्री आत दिवा लागला की तीच चित्रं अंगणातून दिसतात. घरातल्या एकुलत्या एका उजेडाच्या जागी बायकांनी चित्रं लावली, यात मला फार मोठी समज दिसते.

वर्षभरानं खिडकीचा कागद निघाला की फुलंही जायची. ही कला टिकण्यासाठी केलेलीच नव्हती. म्हणूनच तिचे जुने नमुने फारसे हाती लागत नाहीत. सगळ्यात जुने नमुने मिळाले ते वायव्येकडच्या तुर्पान भागात, वाळवंटातल्या कोरड्या थडग्यांमध्ये, 1959 च्या उत्खननात. साधारण सहाव्या शतकाच्या सुमाराचे हे कागद आहेत: गोलाकार नक्षी, आणि कडेनं जोडीजोडीनं उभे घोडे आणि माकडं. कागदाला घड्या घालून एकदाच कातरायचं आणि उलगडून पूर्ण वर्तुळ मिळवायचं, ही युक्ती तेव्हाही माहीत होती. ती आजही तशीच चालते.

आता कात्रीकडे येऊ. एकाच रंगाच्या कागदातून चित्र कातरायचं तर सगळ्यात मोठी अडचण वेगळीच असते. कागदातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाला तरी जोडलेली राहायला हवी. डोळ्याची बाहुली चारी बाजूंनी सुटी कातरली तर ती गळून पडणार. म्हणून ती पापणीला चिकटलेली ठेवायची, पापणी कानशिलाला, कानशील केसांना. कोंबड्याचा पाय फुलाच्या देठाला टेकलेला का असतो, माशाच्या तोंडात कमळाची पाकळी का असते, यामागे अर्थ असतोच, पण कागद फाटू नये ही गरजही असते. रेषा शिल्लक ठेवून भोवतालचा कागद काढायचा, ही एक पद्धत. यात रेषा तुटता कामा नये. दुसरी याच्या उलट. भरीव कागद ठेवायचा आणि रेषाच कातरून काढायच्या. यात रेषा एकमेकींना मिळता कामा नयेत, नाहीतर तुकडा पडतो. हाताला सवय असलेल्या बायका एकाच चित्रात दोन्ही पद्धती सहज फिरवतात. केस, पिसं, लोकर दाखवायची तर कडेला करवतीसारखे बारीक दाते. घडी, सुरकुती, फुलाची पाकळी दाखवायची तर चंद्रकोरीसारखी फट. एवढ्या दोन खुणांवर अर्ध्याहून जास्त काम निभावतं.

आवडलेला नमुना एका घरातून दुसऱ्या घरात जायचा तो दिव्याच्या काजळीवरून. जुनं कातरलेलं चित्र पांढऱ्या कागदावर ठेवायचं, पाण्यानं भिजवून दोन्ही घट्ट चिकटवायचे आणि तेलाच्या दिव्याच्या धुरावर धरून फिरवायचे. उघड्या जागी काजळी बसते. वाळल्यावर जुना नमुना अलगद उचलला की काळ्यावर पांढरं चित्र उरतं. त्याखाली लाल कागदाचे चारपाच ताव ठेवायचे, सरकू नयेत म्हणून टाके मारायचे, आणि आतल्या बारीक जागांपासून कातरायला घ्यायचं. बाहेरची कड शेवटी. कड आधी कातरली तर धरायला जागाच उरत नाही. लेक सासरी जाताना असे काजळीचे नमुने वहीत घालून घेऊन जायची. जोड्यांवरच्या, टोपड्यांवरच्या भरतकामालाही हेच कागद लागायचे. कापडावर कागदाचं चित्र ठेवून त्यावरून टाके घालत जायचं, मग कागद दोऱ्याखाली कायमचा बुजून जातो.

न आखता, थेट कात्रीनं कातरणारीला मात्र वेगळा मान. शान्शीत म्हण आहे की मुलगी व्हावी तर अशी हुशार, जी डाळिंबाची नि पिओनीची फुलं आखल्याशिवाय कातरेल. लग्न जुळवताना रूपाआधी हाताचं कसब बघायचे. म्हणजे ही कला शोभेपुरती नव्हती. मुलीचं पुढचं आयुष्य तिच्यावर ठरायचं.

चित्रांचा वापरही शोभेपुरता नव्हता. दोन्ही बाजूंना केसांचे बुचडे असलेली, हात पसरून समोर उभी राहिलेली एक बाहुली या भागात घरोघर असते. ती घराची राखण करते, पिडा दूर ठेवते, नव्या जोडप्याच्या खोलीत लेकराबाळांचा आशीर्वाद देते. तिच्या हातात पुष्कळदा एकीकडे कोंबडा आणि दुसरीकडे ससा असतो. कोंबडा सूर्याचा, ससा चंद्राचा. पाऊस थांबेना की हातात केरसुणी घेतलेली कागदाची बाई दारात टांगायची, तिनं ढग झाडून काढावेत म्हणून. आजारी लेकराचा जीव घाबरून कुठे भरकटला असेल तर त्याला परत बोलवायला कागदी बाहुल्या. मासा आणि कमळ एकत्र आले की ते नवरानवरीचं चित्र. सशाभोवती वेटोळं घातलेला साप दिसला तर घाबरायचं कारण नाही. तो भरभराटीचा शकुन आहे. अशा घरात कात्री चालवणं हे औषध, प्रार्थना आणि गृहकृत्य, तिन्ही एकदम असतं.

शूलानबाई या सगळ्यात वाढल्या. सतरा वर्षांच्या असताना लग्न झालं. नवरा तापट, मार खाणं नेहमीचं. तेरा बाळंतपणं झाली, तीन मुलं जगली. या वाक्यापाशी मी दर वेळी थांबते. त्यांच्या चित्रात इतकी मुलं का आहेत, हा प्रश्न मग विचारावासा वाटत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या पिढीतल्या खेड्यातल्या बाईला लग्नानंतर स्वतःचं नाव असं फारसं उरायचं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, किंवा कागदोपत्री नवऱ्याचं आडनाव आणि पुढे माहेरचं आडनाव. कागद कातरणाऱ्या लाखो बायकांपैकी कोणीही चित्राखाली नाव घातलं नाही. तशी पद्धतच नव्हती.

1966 नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत जुन्या चालीरीती, जुन्या देवता म्हणजे टाकाऊ आणि घातक गोष्टी ठरल्या. राखणदार बाहुल्या आणि देवतांची चित्रं उघडपणे लावणं कठीण झालं, नमुन्यांच्या वह्या नष्ट झाल्या. 1970 च्या दशकाच्या शेवटी वारं पालटलं. शान्शीत सरकारी सांस्कृतिक केंद्रांचे कार्यकर्ते गावोगाव फिरून कातरकाम जाणणाऱ्या म्हाताऱ्या बायका शोधू लागले. यानआन भागात चित्रकार चिन चिलिन यांनी हे काम मनावर घेतलं. पुढे 1980 च्या दशकात अनसाय भागातल्या आजीबाई बीजिंगच्या मध्यवर्ती कला अकादमीत जाऊन विद्यार्थ्यांसमोर कातरकाम करून दाखवू लागल्या. श्युनयीच्या सांस्कृतिक केंद्रात वन वेइछुन नावाचे कार्यकर्ते होते. 1980 च्या सुमारास त्यांना शूलानबाईंचा हात दिसला. ते त्यांच्याकडे जात राहिले, रंगीत कागद पुरवत राहिले, हवं तसं करा म्हणत राहिले. या माणसाचं नाव शूलानबाईंच्या गोष्टीत नेहमी घाईघाईनं उरकलं जातं. मला ते मोलाचं वाटतं, कारण त्यांनी शिकवायला जाण्याचा मोह टाळला आणि कागद दिला.

कागदानं काय केलं बघा. श्युनयीत रंगीत कागदांचे तुकडे एकावर एक चिकटवून चित्र करायची पद्धत आधीपासून होती. कांगभोवतीच्या भिंतीवर अशी चित्रं लावायचे. शूलानबाईंच्या हाती आता गुळगुळीत, चकाकणारे, गडद रंगांचे घोटीव कागद भरपूर आले. त्यांनी ही जुनी पद्धत भिंतभर वाढवली, आणि तिथे कातरकामाचा सगळ्यात कडक नियम गळून पडला. चित्र चिकटवायचंच आहे तर तुकडे एकमेकांना जोडलेले असायची गरज काय? डोळ्याची बाहुली खुशाल सुटी कातरा. पांढरं वर्तुळ, त्यावर काळं, त्यावर छोटा ठिपका. फुलाच्या पोटात फूल, त्याच्या पोटात तारा. अंगरख्यावर हिरव्यावर पिवळे, पिवळ्यावर तांबडे, बोटाच्या पेराहून लहान त्रिकोण आणि टिकल्या. ही चित्रं खिडकीला चालणार नव्हती, कारण थरांमधून उजेड जात नाही. त्यांचा उजेड रंगांतूनच यायला हवा होता, आणि तो येतो.

तरी शिस्त गेली नाही, हे बारकाईनं पाहण्यासारखं आहे. मुख्य आकृती जवळजवळ नेहमी समोर तोंड करून, मधोमध. डावीकडे जे, तेच उजवीकडे. घडी घालून कातरण्याच्या सवयीनं हाताला लावलेलं हे वळण आहे. कडेला करवतीचे दाते आहेत, चंद्रकोरी आहेत. हात पसरून उभी असलेली ती राखणदार बाहुली आहे. त्यांनी जुनं काही टाकलं नाही. फक्त जोडाजोडीच्या सक्तीतून ते मोकळं केलं. आणि डावं-उजवं सारखं दिसलं तरी तंतोतंत सारखं नसतं. एकीकडचं फूल निळ्या पोटाचं, दुसरीकडचं जांभळ्या. त्यामुळे एवढी बांधेसूद रचना असूनही चित्र हलतंय असं वाटतं.

कात्री चालू असताना त्या गात असत. जात्यावर बसलेल्या बाईला ओवी सुचावी तसं हे गाणं हाताच्या लयीतून यायचं. पोकळ झाडातल्या मधमाश्यांचं गाणं, घोड्याचा लगाम धरून चालणारा च्यांगवा आणि घोड्यावर बसलेली मेइश्यांग यांचं गाणं; ही गाणी त्यांच्या चित्रांचे विषय झाली. त्या चित्रांना गाण्यावाचून पाहणं म्हणजे अर्धंच पाहणं.

मग 1985. एका कड्यावरून त्या खाली पडल्या. जबर मार लागला, कित्येक दिवस शुद्ध नव्हती. जाग आली तेव्हा त्या म्हणाल्या, मी फुलं कातरणारी देवी आहे.

अंगात येणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. डॉक्टर डोक्याच्या दुखापतीकडे बोट दाखवतील, भाविक देवीकडे. त्या दोन उत्तरांत निवड करायची गरज मला वाटत नाही. पण एक गैरसमज दूर करायला हवा. पडल्यामुळे त्यांना कला मिळाली, अशी गोष्ट हौसेनं सांगितली जाते. ती चुकीची आहे. तोवर त्या पासष्टीच्या होत्या, लहानपणापासून कातरत होत्या, रंगीत कागदांची मोठी चित्रं करू लागल्या होत्या. पडण्यानं हात बदलला नाही. बदललं ते चित्राच्या मध्यभागी कोण बसणार, हे.

त्यानंतरच्या चित्रांत ती देवी पुन्हा पुन्हा येते. वाटोळा चेहरा, समोरच्याला थेट पाहणारे डोळे, कानात लोंबते डूल, डोक्यावर फुलांचा डोलारा, भोवती पाखरं, चंद्रसूर्य, हाताखाली फुलं कातरणारी मुलं. तिचं एक गाणंही शूलानबाई गायच्या. त्यात देवी आपली हकिकत सांगते. तिला देऊळ नाही. ती ओढ्यानाल्यांतून, दऱ्यांतून भटकते. ऊन तापलं की झाडांच्या शेंड्यांत दडते. मग ती कू शूलानच्या घरात येते, घर तिला देवळासारखं सुंदर दिसतं, आणि ती मुलांना बोलावून फुलं कातरायला बसवते, तुझं नाव दूर जाईल म्हणते. बाकीचे लोक वीणा, पट, पोथ्या आणि शुभचिन्हं कातरतात, आपण आपले लाल कागद आणि हिरवी वर्तुळं कातरतो, असंही ती अभिमानानं सांगते.

या गाण्यात एका गरीब बाईनं किती गोष्टी एकदम केल्या आहेत! देवी तिच्यासारखीच, बेघर आणि उन्हात होरपळलेली. तिला आसरा देणारी ही बाई, आणि ती देवी म्हणजेही ही बाई. धूर खाल्लेलं घर देऊळ झालं. शूलानबाईंनी खरोखरच आपल्या घराच्या भिंती चित्रांनी झाकून टाकल्या. थोरामोठ्यांच्या घरची शुभचिन्हं बाजूला ठेवून आपल्या वर्तुळांना त्यांच्या बरोबरीचा मान दिला. आणि ज्या कलेत कोणी नाव घालत नव्हतं, ज्या समाजात बाईचं नाव पुसलं जायचं, तिथे स्वतःचं पूर्ण नाव, कू शूलान, देवीच्या तोंडून वदवलं. साध्या बाईनं ‘मी थोर आहे’ म्हटलं असतं तर कुणी ऐकून घेतलं असतं? देवी म्हणाली, म्हणून ऐकावं लागलं. यात लबाडी होती असं मला मुळीच वाटत नाही. त्यांचा विश्वास पुरा होता, आणि त्या विश्वासानं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मधोमध बसायची परवानगी दिली.

पुढचं लवकर घडलं. प्रदर्शनं झाली, शहरातले चित्रकार आणि अभ्यासक येऊ लागले, युनेस्कोचा मान मिळाला, 1997 मध्ये तैवानमधून त्यांच्यावर मोठं सचित्र पुस्तक निघालं. त्या आपल्या खेड्यातच राहिल्या, आणि 2004 मध्ये गेल्या. श्युनयीच्या चिकटकामाला 2008 मध्ये चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत जागा मिळाली, आणि 2009 मध्ये चिनी कातरकाम युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं.

आज त्यांच्या धाटणीची चित्रं शिकवली जातात, विकलीही जातात. वाटोळा चेहरा, टपोरे डोळे, फुलांचा डोलारा, सगळं नीट उचललेलं असतं. त्यातून गावातल्या बायकांना पैसे मिळतात, हे चांगलंच आहे. पण दोन्ही चित्रं शेजारी ठेवलीत तर फरक लगेच दिसतो. नकलेत डावं-उजवं तंतोतंत जुळतं आणि सगळ्या टिकल्या एका मापाच्या असतात. शूलानबाईंच्या चित्रातल्या टिकल्या लहानमोठ्या आहेत, काही लांबट, काही कलत्या, कारण प्रत्येक टिकली कात्रीनं स्वतंत्र फिरवून काढलेली आहे आणि जिथे जागा उरली तिथे बसवलेली आहे. आंतरजालावर त्यांच्या चित्राचा मोठा फोटो मिळाला तर आधी चेहरा सोडून अंगरख्यावर या, आणि एकेक टिकली बघत कडेपर्यंत जा.